तापीच्या पुढचं पाणी

लोटन भोयाला गावात कोणी लोटन म्हणत नसे. त्याचं नाव पडलं होतं ‘कसाले’. अहिराणीत कसाले म्हणजे कशाला, आणि हा शब्द त्याच्या तोंडून इतक्यांदा निघायचा, की पोरंसुद्धा लांबून ‘ओ कसालेभाऊ’ म्हणून हाक मारायची आणि पळून जायची. माणूस उंच, काळा, हाडापेरानं मजबूत. डोळे मात्र सदा कुणाच्या तरी घरी चौकशीला आल्यासारखे. नरडाण्याच्या उत्तरेला, तापीच्या काठावर त्याचं गाव. तिथे तो बापापासून चालत आलेली नाव चालवायचा.

बाजाराच्या दिवशी नाव भरली की लोकांना वाटायचं, याने आपल्याला झटकन पलीकडे टाकावं. पण छे! मधल्या पाण्यात आला की लोटनचं वल्हं सुस्त व्हायचं आणि तोंड सुरू. एकदा शाळेचे मास्तर सापडले.

“मास्तर, हाई तापी कोठे जास?”

“समुद्रात.”

“आनि समुद्र कोठे जास?”

“समुद्र कुठे जात नाही, लोटन. तो तिथेच असतो.”

“कसाले?”

मास्तरांनी छत्री उघडून तोंडासमोर धरली. पण लोटन काय सोडतो! इतक्या नद्या रोज तिथे पाणी ओततात, तर तो भरून सांडत कसा नाही? गोडं पाणी जाऊन जाऊन खारं पाणी गोड का होत नाही? नावेतल्या बाया पदरात तोंड लपवून हसायच्या. कोणी म्हणायचं, “कसालेभाऊ, आधी आम्हले काठले लाव, मंग तू जा समुद्रले इचाराले.” तेव्हा सगळे थट्टेनं म्हणायचे. खरंच जाईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला वरच्या अंगाला पूल झाला. एसटी पलीकडे जायला लागली आणि नाव काठावर पालथी पडली. उन्हाळ्यात भोई लोक नदीच्या वाळूत डांगरवाड्या लावत, टरबुजं-डांगरं काढत. तेवढं काम राहिलं. पण ज्याच्याशी बोलत बोलत वल्हं मारावं ते माणूसच आता येईना, याचं लोटनला फार वाईट वाटलं. डांगरांना विचारून काय उत्तर मिळणार?

अशात पलीकडच्या काठावरचा सुकदेव भेटला. हा पूर्वी बाजाराला जाता-येता लोटनच्या नावेत बसायचा. आता तो वेरावळला खलाशी होता आणि गावी आला की समुद्राच्या गोष्टी सांगून माणसं जमवायचा. एक मोठी बोट, तिच्या पाठीवर चार-पाच लहान होड्या. मोठी बोट दूर समुद्रात जाऊन नांगर टाकते, तिथे सकाळी होड्या खाली उतरवतात, एकेका होडीत दोन माणसं. दिवसभर गळाची मासेमारी करायची, दिवस कलला की परत मोठ्या बोटीवर. असे आठ-दहा दिवस, कधी जास्तही. मग बंदर. “वल्हं मारता येस अशीच मानसं पाहिजेत,” सुकदेव म्हणाला. लोटनच्या डोळ्यांत एकदम दिवाळी झाली.

घरात मात्र चूल पेटता पेटता विझली.

त्याची बायको द्रौपदाबाई मोजकं बोलणारी. नवरा दोघांपुरते प्रश्न विचारतो, मग आपण कशाला विचारा, असा तिचा खाक्या. पण तिच्या मनात एक जुनी कळ होती. तिचा बाप, पुना भोई, एका मोठ्या पुरात वाहून आलेली लाकडं ओढायला तापीत उतरला आणि गेला तो गेलाच. हाती काही लागलं नाही. पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. म्हातारी माणसं म्हणाली, तापी मायनं त्याला समुद्रात नेलं. तेव्हापासून समुद्र म्हटलं की द्रौपदाबाईचा हात असेल तिथे थांबायचा. आणि आता तिचा एकुलता एक भाऊ अभिमनसुद्धा वेरावळला जायला निघाला होता! अभिमन नुकताच लग्न झालेला, अंगानं धट्टाकट्टा, एकदा हट्टाला पेटला की कुणाचं ऐकायचा नाही.

रात्रीची भांडी आवरता आवरता ती नवऱ्याला म्हणाली, “मना आबाले पानी लई गयं. आते भाऊ बी चालना. तुम्ही जाई राहिनात त जा. पन त्याले मांगे आना. हातले धरीसन आना.”

“आनसू,” लोटन म्हणाला. या एका गोष्टीत त्याने ‘कसाले’ विचारलं नाही.

दिवाळी झाली आणि दोघं सुकदेवबरोबर नरडाण्याहून गाडीत बसले. सुरतेला गाडी बदलून पुढे निघाले, तेव्हा पुलाखालून नदी गेली. “तापी!” सुकदेव म्हणाला. लोटन खिडकीतून जवळजवळ बाहेरच लोंबकळला. आपल्या गावची नदी एवढी रुंद, एवढी मातकट, हिच्या काठाला एवढी घरं! ओळखीची बाई परक्या गावात नटून भेटावी तसं त्याला झालं, आणि नीट बघायच्या आत पूल संपला.

मोठ्या बोटीला खलाशी ‘मोटी’ म्हणत आणि होड्यांना ‘बच्चां’. मोटीच्या पोटात बर्फ, डिझेल, गोड्या पाण्याचे पिंप. पिंपाला हात लावायची चोरी. तोंड धुवायचं ते खाऱ्या पाण्यानं. पहिल्याच दिवशी लोटनने ते चाखून पाहिलं, थुंकलं, पुन्हा चाखलं. सगळीकडे सारखंच खारं आहे का, हे बघायला म्हणे! जाता जाता तो दर थोड्या वेळाने करंगळी बुडवून चाटायचा. अभिमन तिकडे आडवा पडून ओकत होता आणि हा मिठाची चव घेत होता.

मोटीचा तांडेल, म्हणजे सगळ्या खलाशांचा मुख्य, देवशीबापा. पिकलेल्या मिशा, गुडघ्यापर्यंत दुमडलेली लुंगी, आवाज भोंग्यासारखा. तो गुजराती बोले, हे अहिराणी बोलत, आणि दोन्ही बोली बांधाला बांध लागून असल्यामुळे कुणाचं अडलं नाही. बापाला लोटन भलताच आवडला. इतकी वर्षं खलाशी त्याला एवढंच विचारत, की घरी कधी जायचं. हा विचारी, की माशांना रात्री दिसतं का, ढग पाणी पितात तर मीठ कुठे टाकतात, आणि बर्फाखाली ठेवलेल्या वाम माशाचे डोळे निळे का पडतात. जे ठाऊक असेल ते बापा सांगायचा. नसेल तर “राम जाणे” म्हणून विडी पेटवायचा. लोटनला जन्मात पहिल्यांदा असा माणूस भेटला, जो प्रश्न ऐकून छत्री उघडत नव्हता. त्याला तिथे फार सुख वाटलं.

काम मात्र अंग मोडणारं. उजाडताना आमिष म्हणून माकुल माशाचे तुकडे करून गळांना लावायचे. एका लांब दोराला हातहातभर अंतरानं शेकडो गळ, तो दोर टोपलीत वेटोळं करून होडीत ठेवायचा. मग कप्पीने होड्या एकेक करून पाण्यात सोडायच्या. दोर पसरला की त्याच्या टोकाला प्लास्टिकचा रिकामा डबा बांधायचा. तो वर तरंगतो, त्यावरून आपला दोर सापडतो. प्रत्येक होडीच्या डब्याला वेगळी खूण. सुकदेवच्या डब्याला हिरव्या लुगड्याची चिंधी होती, लोटनने आपल्या डब्याला लाल नाडा बांधला.

बापानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं: मोटीच्या डोलकाठीवर लाल कापड आहे, ते दिसेल तिकडे यायचं. नाही दिसलं तर डब्याला धरून राहायचं, हलायचं नाही, मी येतो. “केम के पाणी फरे छे,” तो म्हणाला. पाणी फिरतं.

“फिरस म्हंजे?”

“हवे आ बाजू जाय छे. पछी पेली बाजू जशे.”

आत्ता इकडे वाहतं, मग तिकडे वाहील! लोटन खो खो हसला. “बापा, पानी काय मोटना बैल शे का, पुढे जाईसन मांगे येवाले?” सगळी बोट हसली. बापानं समजवायला तोंड उघडलं, तेवढ्यात कप्पी अडकली आणि ते बोलणं तिथेच राहिलं. लोटनचं सगळं आयुष्य तापीवर गेलं होतं. तिथे पाणी उगवतीकडून येतं आणि मावळतीकडे जातं. पूर येवो, वाळू पडो, त्यात बदल नाही. म्हणून हा एकच प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही. नेमका हाच!

दुसऱ्या फेरीत एके दिवशी सकाळपासून हवा कोंदटलेली होती. होड्या पाण्याबरोबर सुटल्या. सुकदेवची होडी सगळ्यांत लांब गेली, तिच्या अलीकडे लोटन आणि अभिमनची. सुकदेव दोर टाकून लवकर मोटीवर परतला, दुपारी येऊन ओढू म्हणाला. लोटनला मात्र दोराला काय काय लागतं ते बघायची हौस, म्हणून तो तिथेच थांबला. चांगले वाम मासे लागले, एक घोळ मासा लागला. दोर ओढून झाला, डबा होडीत घेतला, आणि मान वर करून बघतात तर काय, धुकं! मोटी नाही, डोलकाठी नाही, लाल कापड नाही. दहा हातांवर पांढरी भिंत.

“आते रे भाऊ?” अभिमन म्हणाला. मेहुण्याला तो भाऊच म्हणायचा.

“आते काय! सकाळे आपन पानीसंगे उनूत ना? मंग पानीना समोर वल्हव. मोटी तठेच शे.”

किती सरळ हिशेब! तापीवर धुक्यात त्याने हाच हिशेब शंभरदा केला होता. पाण्याच्या समोर, धारेच्या उलट वल्हवलं की वरचा घाट आलाच पाहिजे. डबा उचलताना तो ज्या बाजूला ओढत होता, तिच्या उलट दोघांनी वल्ही धरली. पाणी चांगलं जोरात होतं, दंड भरून आले, तळहात सोलले. लोटन उलट अभिमनला हुरूप देत होता, “आनखी थोडं, आनखी थोडं, बापाना चहा शिजी राहिना व्हई.” वल्हवता वल्हवता खूप वेळ गेला. मोटी काही येईना.

मग धुक्यातून एक पांढरा डबा डुलत डुलत पुढे आला. त्याला हिरवी चिंधी होती.

लोटनचं वल्हं हातातच राहिलं. सुकदेवचा डबा! तो तर मोटीपासून सगळ्यांत लांब टाकलेला. म्हणजे आपण मोटीकडे नाही, मोटीपासून दूर चाललो होतो. त्याने डब्याकडे पाहिलं. सकाळी डबे मोटीपासून दूर ओढले जात होते, आता हा बरोबर उलटा, मोटीच्या बाजूला ताण खात होता. आणि तशातही, काय म्हणावं या माणसाला, त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, “फिरनं! अरे, खरंच फिरनं रे पानी!”

अभिमन भडकला. “तू मजा देखी राहिना का? चाल, उलटं वल्हव आते!”

“नही. आते आपन कोठेच जावानं नही.” लोटननं डब्याचा दोर पकडून होडीला गाठ मारली. “बापानी सांगेल व्हतं, डबाले धरीसन ऱ्हावानं.”

“आनि कोनी नही उनं त? आठे मरानं का? मना आबानागत?” अभिमन उठून उभा राहिला, होडी एका अंगाला कलली, तो गाठ सोडायला वाकला. लोटनने त्याचं मनगट धरलं. असं धरलं, की त्या पैलवान गड्याला ते सोडवता येईना. “तुनी बहिननी तुले मना हातमा देयेल शे,” तो म्हणाला. “तू हाऊ दोर सोडशी, त आधी मना हात तोडना पडी.” अभिमन खाली बसला आणि गुडघ्यात डोकं घालून हमसून हमसून रडला. लोटनलाही भीती वाटत होती. पण त्याहून जास्त लाज वाटत होती. जगभर प्रश्न विचारत फिरलो आणि जिथे विचारायचं तिथे हसलो, असं त्याला झालं.

बसून काय करायचं? तापीवर एक रीत होती. पलीकडच्या काठावर उतारू आला की तोंडाशी दोन्ही हात धरून लांबलचक हाळी द्यायचा, “नाऽऽव वोऽऽ नाऽऽव!” मग भोई नाव घेऊन जायचा. जन्मभर लोटननं ती हाळी ऐकली होती, दिली कधीच नव्हती. त्यानं तोंडाशी हात धरले. “नाऽऽव वोऽऽ!” अभिमननं मान वर केली, डोळे पुसले आणि तोही सामील झाला. दोघं आळीपाळीनं हाळी देत राहिले, घसे बसले तरी.

बऱ्याच वेळानं धुक्यातून थाळी बडवल्याचा आवाज आला. मागून इंजिनाची हळू धकधक. सुकदेवच्या डब्याच्या अंदाजाने मोटी आली होती, आणि पुढच्या टोकाला सुकदेव थाळी बडवत उभा होता. “भोयानी हाळी ओळखी लिधी मी,” तो नंतर म्हणाला. “इतला लांब समुद्रमा नाव कोन बलावई?”

बापानं आधी शिव्यांची लाखोली वाहिली, मग दोघांना गरम चहा दिला. संध्याकाळी धुकं विरल्यावर लोटन त्याच्याजवळ जाऊन बसला. “बापा, पानी फिरस. कसाले?” बापानं नुकत्याच उगवलेल्या चंद्राकडे हात केला. तो ओढतो, म्हणाला. मोठा असतो तेव्हा जास्त ओढतो. भरती येते, ओहोटी येते, रोज. लोटन तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. इतक्या लांबून, दोर न बांधता!

बंदराला लागल्यावर अभिमननं कपड्याची पिशवी उचलली. “मी घर जास. मन्हं काम नही हाई.” बापा लोटनला म्हणाला, तू राहा, तुझ्यासारखा माणूस मला मोटीवर पाहिजे. लोटनला राहायचं होतं. जिवापाड राहायचं होतं! अजून कितीतरी विचारायचं होतं. तो धक्क्यावर बराच वेळ मोटीकडे बघत उभा राहिला. मग अभिमनच्या हातातली पिशवी त्यानं आपल्या खांद्यावर घेतली आणि स्टेशनकडे चालायला लागला. रस्ताभर त्यानं एक प्रश्न विचारला नाही. अभिमनला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

सुरतेला गाडी बदलायची होती. लोटन म्हणाला, चल, तापी मायच्या पाया पडून येऊ. दोघं चालत नदीवर गेले. घाटाच्या पायरीवर लोटन वाकला, ओंजळ भरली आणि तसाच थबकला. पाण्यावर गवताची एक पेंढी तरंगत होती. ती समुद्राकडून येत होती आणि वर, उगवतीकडे चालली होती. त्यानं बोट चाटलं. खारट! “अभिमन, देख, आपली तापी मांगे फिरनी!” रडू आणि हसू त्याला एकदमच आलं.

घरी आल्यावर त्यानं अभिमनचा हात द्रौपदाबाईच्या हातात दिला आणि म्हणाला, “ले. लई उनू त्याले.” गावात त्यानं फिरणाऱ्या पाण्याची गोष्ट सांगितली, तेव्हा पारावर हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. कसालेभाऊ आता फेकायलाही शिकला, म्हणाले. लोटन डांगरवाडीत पाणी घालायचा आणि पालथ्या नावेवर बसून मावळतीकडे बघायचा. द्रौपदाबाई हे सगळं बघत होती.

श्रावणात कानबाईचे रोट झाले, पोळा झाला. एका सकाळी तिनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला. “जा,” म्हणाली. “तुमना जीव तठेच शे. अभिमन आते घर शे, त्यानी काळजी नही. पन तुमले कोन मांगे आनई?”

“तठे पानी फिरस,” लोटन म्हणाला. “सुरतले आपली तापी बी फिरस, वर येस. मना डोयाघाई देखेल शे.”

द्रौपदाबाईचा हात गाठीवरच थांबला. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला असा प्रश्न कधी विचारला नव्हता. तिनं विचारलं, “म्हंजे आबा जठे गया, तठलं पानी आपली बाजूले येस? कितलं वर येस ते? कोठे थांबस?”

ती काय विचारते आहे ते लोटनला कळलं. “माले नही माहीत,” तो म्हणाला. “इचारीसन येसू.”

“येशात ना?”

“आते तू इचारं, मंग सांगाले येनंच पडी.”

होळीच्या आधी तो परत आला. पिशवी ओट्यावर टाकली, तिनं दिलेला पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगायला लागला. सुरतेला उतरून तो नदीच्या काठाकाठानं वर चालत गेला होता. भेटेल त्याला विचारत, पाण्यात काडी टाकत, ती कुठवर वर चढते ते बघत. एका गावाच्या घाटाजवळ काडी आधी हळू झाली, मग जागच्या जागी फिरायला लागली. पाणी तिथे थांबत होतं.

“तठून समुद्रनी बाजूले थोडा मांगे उनू, जठे पानी अजून वर चढी राहिंतं,” तो म्हणाला, “आनि आबाना नावनं एक फूल सोडं. ते वर उनं, द्रौपदा. आपली बाजूले उनं.”

द्रौपदाबाईनं पदरानं डोळे पुसले.

“कितलं उनं?” तिनं विचारलं.

लोटननं काठावरच्या पालथ्या नावेकडे हात केला. “हाऊ ओटापासून त्या नावलोंग. बरंच उनं.”